चुलीपुढची चप्पल

ज्यांच्या घरात दाराआड एक कृत्रिम पाय उभा करून ठेवलाय आणि त्याच्यावर धूळ बसली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. असे पाय आमच्या इंदापूर आणि बारामती तालुक्यांत किती असतील, कुणाला माहीत नाही. पाय दिला, फोटो काढला, की देणाऱ्याचं काम संपतं. घेणाऱ्याचं तिथून पुढं सुरू होतं आणि ते त्याला कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. बोलताना माझा आवाज चढतो, असं आमच्या घरचे म्हणतात. लिहितानाही चढेल. सांभाळून घ्या.

माझं नाव मंदाकिनी. डाळजजवळ हायवेला आमची खानावळ आहे. थोडा ऊस आहे, पण घर चालतं ते माशांवर. उजनीच्या पाण्यातली चिलापी, मरळ, वाम. पुण्याहून सोलापूरकडं जाणारी माणसं मुद्दाम गाडी वळवून येतात. कालवण माझ्या हातचं आणि भाकरी माझ्या सासूबाईंच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमचे मालक, म्हणजे दत्तात्रय, मासे आणतात आणि गल्ल्यावर बसतात. मुलगी शीतल वडगाव निंबाळकरला दिलेली आहे. एवढंच आमचं माणूसबळ.

निखारा

आमच्यात चुलीपुढं चप्पल चालत नाही. बाहेर गिऱ्हाईक बूट घालून जेवतं, त्याला कोण अडवणार? पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पायातलं सुटलंच पाहिजे, हा आत्याबाईंचा नियम. चूल म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढं वहाणा घालून कसं उभं राहायचं? मलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून अनवाणीच उभी राहत आले.

एका रविवारी ऐन गर्दीत कशाचा तरी जळका वास आला. मला वाटलं, आत्याबाईंची भाकरी करपली. मी त्यांना तसं म्हणालेही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि ओरडल्या, "मंदे, पाय उचल!" चुलीतला निखारा माझ्या तळव्याखाली होता. मी त्याच्यावर उभी होते आणि मला काहीच कळलं नव्हतं.

शुगर आहे हे मला ठाऊक होतं. गोळी घेत होते, गोड टाळत होते, जमेल तेवढं. पण ही शुगर पायातली जाणीवच खाऊन टाकते, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुखत नाही म्हणजे फार भाजलेलं नाही, असं मी धरून चालले. हळद लावली. खोबरेल लावलं. मालकांच्या एका मित्रानं कसला तरी पाला आणून दिला, तोही लावला. मग भिगवणला ड्रेसिंग, मग इंदापूरला ड्रेसिंग. प्रत्येक ठिकाणी "बरं होईल" म्हणाले. बारामतीला पोचलो तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि वास लपत नव्हता.

पाय माझा, निरोप त्यांना

बारामतीच्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं तरुण होते. त्यांनी पट्टी सोडली, दाबून बघितलं, फोटो काढायला लावला. मग माझ्याकडं पाठ करून मालकांना म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल. उशीर केला तर गुडघाही जाईल."

मालकांचं तोंड पांढरं पडलं. ते नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले. मी पलंगावर बसले होते. पाय माझा, तोही समोर उघडा टाकलेला, आणि निरोप दुसऱ्याच माणसाला.

"डॉक्टर, इकडं बघून बोला," मी म्हणाले. "त्यांचा न्हाय, माझा पाय जातुया."

ते दचकले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, नीट, घाई न करता. तेवढ्यासाठी त्यांचे आभार. पण ओरडल्याशिवाय हे का मिळत नाही, याचा राग मला अजून आहे.

भीती वाटली नाही असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी चादरीखाली तो पाय हातानं चाचपून बघत होते. शीतल शेजारी बसून माझे केस विंचरत होती. तिला कळलं. ती वेणी घालायला लागली, अगदी घट्ट, मी तिची शाळेत जाताना घालायची तशी. तेव्हा मी रडले.

वॉर्डातले दिवस

दवाखान्यात सगळ्यात छळणारी गोष्ट कोणती, तर भेटायला येणारी माणसं. शुगरच्या पेशंटला केळी आणि पेढे घेऊन येतात. बसतात, आधी नसलेल्या पायाकडं बघतात, मग माझ्या तोंडाकडं, मग सुस्कारा सोडतात. आणि मग सुरू करतात, की आमच्या अमक्याचा असाच आधी एक गेला आणि वर्षानं दुसरा. एका बाईला मी सरळ सांगितलं, "मावशी, तुमी आता उठा. तुमची गाडी चुकंल." तिची कसली गाडी, ती तर बारामतीतच राहत होती.

नसलेला पाय खाजतो. हे ऐकून लोक हसतात, पण खाजतो. नेमकी अंगठ्याच्या बाजूची जागा. हात खाली नेला की तिथं चादर. एकदा भर दुपारी मी चिडून चादरच खाजवत बसले होते. सफाईला येणाऱ्या मावशींनी ते बघितलं. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि माझा दुसरा पाय, जो होता तो, त्याच जागी खाजवून दिला. गंमत म्हणजे थोडं बरं वाटलं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मला लवकर उभं केलं आणि मालकांना पट्टी बांधायला शिकवलं. उरलेल्या पायाला खालच्या टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल, म्हणजे सूज उतरते आणि पुढं कृत्रिम पाय नीट बसतो. ज्या माणसानं जन्मात कधी टॉवेलची घडी घातली नाही, तो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी सोडायचा, धुवायचा, वाळवायचा, गुंडाळायचा. वाकडी झाली की परत सोडायचा. आमच्या संसारात ते मला एवढे जवळचे कधी वाटले नव्हते. म्हणूनच पुढं त्यांनी जे केलं त्याचा जास्त राग आला. ते सांगतेच.

पाय कुठं मिळतो?

घरी सोडताना सांगितलं, "जखम भरली की पायाचं बघा." कुठं बघायचं? इंदापुरात विचारलं तर म्हणाले बारामतीत. बारामतीत म्हणाले पुण्यात. पुण्यात गेलो तर म्हणाले, जखम अजून कच्ची आहे, नंतर या. नंतर गेलो तर माप घेणारा माणूस रजेवर. त्याच्या नंतर गेलो तर माप घेतलं आणि "आम्ही फोन करू" म्हणाले. तो फोन मला अजून आलेला नाही. नंबर बदलू नये म्हणून मी जपते आहे.

दर वेळी हायवेला उभं राहायचं, कुबड्या घेऊन एसटीच्या पायऱ्या चढायच्या, कंडक्टरनं "लवकर, लवकर" म्हणायचं. ज्याला पाय नाही त्यालाच एवढं लांब चालत यायला लावायचं, ही अक्कल कुणाची? डोळ्याचा डॉक्टर कुणाला असं म्हणेल का, की आंधळ्या माणसानं पत्ता वाचत वाचत यावं?

शेवटी बारामतीच्या एका मंगल कार्यालयात मोफत शिबिर होतंय असं शीतलनं कळवलं. आधी एकदा जाऊन माप देऊन आलो आणि नंतर वाटपाचा दिवस आला. बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते आणि पाय कुठंच नव्हता. पण आत काम खरोखर चाललं होतं. पुण्याहून आलेला टेक्निशियन घामाघूम झालेला, एकापाठोपाठ एक माणसं उभी करत होता. त्यानं मला पाय चढवला, माझी चप्पल त्याच्यात घातली, दोन दांड्यांच्या मधून चालवलं, स्क्रू पिळले, परत चालवलं. म्हणाला, "मस्त चालताय ताई."

खरंच चालत होते. त्या दांड्या सोडल्या आणि चालले. आनंद कसला होतो ते सांगता येत नाही, पण मी त्या अनोळखी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्याच वेळी माईकवरून कुणीतरी सूचना वाचत होतं. नेमके तेव्हाच पाहुणे आले आणि हलगी सुरू झाली. पुढं सत्कार, शाली, नारळ, आमच्यासकट फोटो. सूचना कसल्या होत्या ते कुणाला ऐकू आलं नाही. ऐकू यावं असंही कुणाला वाटलेलं दिसलं नाही.

फक्त स्वयंपाकघरात

घरी आले तर आत्याबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझे पाय धुतले. दोन्ही. रबराच्या पायावर पण तांब्याभर पाणी ओतलं आणि पदरानं पुसला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चप्पल काढली, आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागं ढकलावं तशी मागं गेले. मालकांनी धरलं म्हणून वाचले.

मग हे रोजचंच झालं. अंगणात, रस्त्यावर, बाहेरच्या टेबलांमधून मी व्यवस्थित फिरायची. स्वयंपाकघरात गेले की तोल मागं जायचा, गुडघा उलटा ओढल्यासारखा दुखायचा. आणि सल्ला देणाऱ्यांना तर ऊत आला. फरशी ओली असते म्हणून पोती अंथरली. अशक्तपणा म्हणून नाचणीचं सत्त्व पाजलं. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. शेजारच्या शिकलेल्या सुनेनं सांगितलं, की त्याच जागी भाजलं होतं ना, मग मनात भीती बसली असेल. टेक्निशियनला फोन केला तर तो म्हणाला, "सवय होईल हो." सवय म्हणजे कशाची, पडण्याची?

आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. मी कालवणाचं पातेलं उतरवत होते. तोल मागं गेला, हात सुटला, उकळतं कालवण ओट्यावरून खाली आलं. आत्याबाई शेजारीच भाकरी थापत होत्या. त्यांच्या मनगटावर शिंतोडे उडाले. पातेलं हातभर अलीकडं पडलं असतं तर काय झालं असतं, हे आम्हा तिघांनाही दिसलं.

मालकांनी फरशी पुसली. त्यानंतरच्या आठवड्यात मला कळलं की भिगवणचा एक माणूस खानावळ चालवायला घेणार आहे, पाडव्यापासून. बोलणं पण झालं होतं. मला न विचारता.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या जिवापरीस खानावळ मोठी हाय का?"

"आन खानावळ गेल्यावर मी काय करू? खाटंवर बसून पाय बघत बसू?"

"मला बघवत न्हाय गं तू पडल्याली."

"मग डोळं मिटा!"

ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "एक रविवार चुलीपुढं उभी राहून दाखव. न पडता. मी भिगवणच्या माणसाला न्हाय म्हणून सांगंन." एवढं बोलून मला पट्टी बांधायला बसले. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

कुत्रं

पाडवा जवळ येत होता आणि मी रोज पडत होते.

एक दिवस सकाळी मी मागच्या अंगणात कोथिंबीर निवडत बसले होते. बघते तर एक दांडगं कुत्रं मागच्या दारानं स्वयंपाकघरात घुसलं आणि टोपलीतली चांगली मोठी मरळ तोंडात धरली. मी उठले. केरसुणी हातात घेतली आणि त्याच्यामागं सुटले. ओट्यापाशी, पिठाच्या डब्यापाशी, चुलीला वळसा घालून पुढच्या दारापर्यंत मी त्याला हाणत नेलं. मरळ सुटली त्याच्या तोंडातून.

आत्याबाई पुढच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी कुत्र्याकडं बघितलं नाही, मरळीकडं बघितलं नाही. माझ्या पायांकडं बघून किंचाळल्या, "मंदे! चप्पल! चुलीपुढं चप्पल घालून आलीस!"

मी खाली बघितलं. खरंच, दोन्ही पायांत चप्पल होती. आणि मी ओल्या फरशीवर, पोत्यांवर, सगळीकडं पळाले होते आणि पडले नव्हते.

मी उंबऱ्याबाहेर गेले. चप्पल काढली, आत आले, मागं कलले. बाहेर गेले, चप्पल घातली, आत आले, सरळ उभी राहिले. परत तेच केलं. आत्याबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं.

टेक्निशियनला फोन लावला. तो म्हणाला, "बरोबर आहे ताई. पाय चपलेच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. चप्पल काढली की टाच खाली जाते आणि अख्खा पाय मागं झुकतो. घरातही चप्पल घालूनच चालायचं. माईकवरून सांगितलं होतं की."

"माईकवरनं? हलगी वाजत असताना?"

मी त्याला तिथंच अडवलं.

"अरे बाबा, तू पुण्यात ऱ्हातोस. तुझी आई चुलीपुढं, देवापुढं चप्पल घालती का?"

"नाही."

"मग आमच्या हितं कोण घालणार? पाय बसवताना एका वाक्यात इचारायचं, की बाई तू घरात कशी चालतीस. एवढंच!"

तो म्हणाला, अनवाणी चालायचा पायही बसवून देता येतो, पण त्यासाठी पुण्याला यावं लागेल आणि तारीख पाडव्याच्या नंतरची मिळेल. नाहीतर बारामतीत परत शिबिर आहे, तिथं या, बघू. त्या "बघू"वर मी किती दिवस काढलेत आजवर.

लक्ष्मी आणि वहाण

मधला मार्ग सोपा होता. चप्पल घालून स्वयंपाक करायचा. मालकांनी भिगवणच्या बाजारातून तेवढ्याच टाचेची नवी कोरी चप्पल आणली, खोक्यासकट. ही कधी बाहेर जाणारच नाही, फक्त चुलीपुढं, असं आईला समजावलं.

"नवी असली म्हणून काय झालं? चप्पल ती चप्पलच," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनं घातली न्हाय, मी घातली न्हाय. ज्या चुलीनं आपल्याला पोसलं तिच्याम्होरं वहाणा घालून हुबं ऱ्हायचं? तुमाला करायचं तर माझ्या माघारी करा."

मी समजावलं. विनवलं. एका पायात घालून बघितली, खोट्या पायात फक्त, तर एक बाजू उंच झाली आणि कंबर धरली. पायावर मोजा चढवून आत चपलेचा तुकडा दडवला, तर तो सरकला. आत्याबाई हे सगळं बघत होत्या आणि भाकरी थापत होत्या. त्या काही वाईट नाहीत. माझं सगळं अंथरुणातलं त्यांनी केलं होतं. पण इथं त्या हलेनात.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "त्या दिशी पायात चप्पल असती, तर ह्यो पाय गेला नसता."

खानावळीत तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आत्याबाई उठल्या, मागच्या अंगणात जाऊन बसल्या आणि साफ केलेला मासा पुन्हा साफ करायला लागल्या. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मी बोलले ते खरं होतं. पण ते बोलून मला जराही मोकळं वाटलं नाही.

शिबिराच्या दिवशी मालकांना मासे आणायला जायचं होतं. मी एकटीच निघाले, तर आत्याबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, "मी येती संगं." बारामतीपर्यंत एवढंच बोलल्या.

मनोगत

शिबिर तसंच. मंगल कार्यालय, बॅनर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांत बसलेली आमच्यासारखी माणसं. कुणी अंथुर्ण्याचं, कुणी आणखी कुठलं. मी टेक्निशियनला गाठलं. तो म्हणाला, "ताई, आज फक्त नव्यांचं वाटप आहे. तरी पाहुणे गेले की बघतो."

तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "ताई, तुम्ही मागच्या वेळच्या ना? छान उभ्या आहात. स्टेजवर येऊन दोन शब्द बोला. लाभार्थ्यांचं मनोगत." मला बरंच झालं. माईक हातात येतोय, आणि या वेळी हलगीवाले चहा पीत होते.

स्टेजच्या पायऱ्यांशी बुटांची आणि चपलांची रांग लागली होती. वर समई पेटवलेली, फोटोला हार घातलेला. मी कठडा धरून पहिली पायरी चढणार, तोच कार्यकर्ता म्हणाला, "ताई, चप्पल खाली काढा. वर दिवा लावलाय."

समोर सगळी एका पायाची माणसं बसली होती. मला हसावं की रडावं कळेना.

"काढली की पडते दादा मी."

"पाचच मिनिटं. मी धरतो की."

मी त्याला समजावायला तोंड उघडलं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग आत्याबाईंचा आवाज आला, रानात हाक मारावी तसा.

"ए बाबा! ती चप्पल न्हाय, पाय हाय तिचा! काढायचाच असला तर आख्खा पाय काढून घे आन ठिव तुझ्या दिव्याम्होरं!"

पाहुण्यांनी मान वळवली. कार्यकर्ता दोन पावलं मागं सरकला. मी कठडा धरून वर चढले, चपलांसकट.

आभार मानायचं ठरलं होतं. मी म्हणाले, पाय मिळाला, चांगला आहे. पण तो चपलेच्या मापानं बसवलाय. घरात गेलं की आपण उंबऱ्याशी चप्पल काढतो, आणि म्हणून पडतो. अशक्तपणा नाही, नजर नाही. तुमच्यातलं कोण कोण घरात पडलंय, हात वर करा.

आधी दोन हात वर झाले. मग मागच्या रांगेतून, मग बायकांच्या बाजूनं. अंथुर्ण्याचे एक तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "मला वाटलं मलाच चक्कर येतीया. मी त्यो पाय घालायचाच सोडून दिला की." त्यांची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. टेक्निशियन माईकपाशी आला, माझ्या हातातून त्यानं माईक मागून घेतला आणि मान खाली घालून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग वेळेअभावी कार्यक्रम आटोपता घेतला गेला आणि हलगी वाजली.

माझा पाय काही बदलून मिळाला नाही. पाहुणे गेले आणि त्यांच्यामागं सामानाची गाडीही गेली. "पुण्याला या, बघू," टेक्निशियन म्हणाला. चिडायलाही ताकद लागते.

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीशी बसल्या. बराच वेळ बाहेरच्या उसाकडं बघत होत्या. भिगवण यायच्या आधी त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं. "दत्ताला लाव."

मी लावून दिला. त्यांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"त्या भिगवणच्या मानसाला न्हाय म्हणून सांग. येत्या रईवारी मंदा हाय चुलीवर." तिकडून मालकांनी काहीतरी विचारलं. "न्हाय, पाय न्हाय बदलला. तसाच हाय. चप्पल घालूनच हुबी ऱ्हाईल." आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग परत खिडकीबाहेर.

"आन ऐक. बाजारात जाशील तवा माझ्या मापाचा बी एक जोड आण."